आधी माणसं, मग खुर्च्या

९९,१२४.

हा आकडा कुठल्या प्रवेश परीक्षेच्या अर्जांचा नाही. २४ जून २०१६ रोजी बार्सिलोनाच्या कॅम्प नाऊ स्टेडियममध्ये रग्बीचा एक सामना बघायला एवढी माणसं आली होती. सामना होता फ्रान्सच्या क्लब स्पर्धेची, म्हणजे 'टॉप १४'ची फायनल. रासिंग ९२ विरुद्ध तूलाँ. आता फ्रान्सची फायनल स्पेनमध्ये कशाला? तर त्या महिन्यात फ्रान्समध्ये फुटबॉलचा युरो कप चालू होता आणि पॅरिसचं 'स्ताद द फ्रान्स' त्यात अडकलं होतं. मग काय, फायनलच उचलून शेजारच्या देशात नेली! रासिंगचा एक खेळाडू अठराव्या मिनिटाला रेड कार्ड घेऊन बाहेर गेला, तरी उरलेल्या चौदा जणांनी सामना २९-२१ असा जिंकला. देशांतर्गत क्लब स्पर्धेच्या रग्बी सामन्याला एवढी गर्दी त्याआधी कधीच झाली नव्हती.

मित्रहो, रग्बी म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांना एक तर राहुल बोस आठवतो, नाहीतर अंड्याच्या आकाराचा बॉल आणि चिखलात एकमेकांच्या अंगावर पडलेले आडदांड लोक. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर हा खेळ कित्येक वर्षं खेळला जातो, पण आपल्याकडे गल्लीबोळात तो कधी उतरला नाही. तेव्हा थोडक्यात सांगते. दोन्ही बाजूंना १५-१५ खेळाडू, ८० मिनिटांचा सामना. बॉल हातात घेऊन पळता येतं, पण पुढे फेकता येत नाही. पास द्यायचा तो मागेच. बाकी नियमांच्या फंदात आज पडायचं नाही, कारण मला लिहायचं आहे ते बघणाऱ्यांबद्दल. ते येतात कुठून, का येतात, आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या स्टँड्सचं पुढे काय होतं.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो सेमिनारच्या निमित्तानं. स्थापत्यच्या मुलांना 'लाइव्ह लोड' हा शब्द झोपेतसुद्धा पाठ असतो. आयएस ८७५च्या दुसऱ्या भागात टेबल आहे: जिथे माणसं जमतात तिथे खुर्च्या फिक्स असतील तर ४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरा, फिक्स नसतील तर ५ धरा. म्हणजे उभी गर्दी बसलेल्या गर्दीपेक्षा जड! वाचताना गंमत वाटते, पण आहे खरं. उभी माणसं दाटीवाटीनं जास्त मावतात, आणि वर नाचतातही.

पण कोडमध्ये एक गोष्ट लिहिलेली नसते. हा लोड येणार की नाही? आपल्याला भीती असते ती लोड जास्त झाला तर काय, याची. क्लब चालवणाऱ्याला भीती असते ती लोड आलाच नाही तर काय, याची. युरोपातल्या क्लब रग्बीची गेली तीस वर्षं मला तरी या दुसऱ्या भीतीची गोष्ट वाटते.

सुरुवात १९९५ पासून करायला हवी. तोपर्यंत रग्बी युनियन हा अधिकृतरीत्या हौशी खेळ होता. खेळाडू आठवडाभर शाळेत शिकवायचे, बँकेत बसायचे, शेती करायचे, आणि शनिवारी मैदानावर उतरायचे. खेळण्याचे पैसे घेणं म्हणजे गुन्हाच. २६ ऑगस्ट १९९५ रोजी पॅरिसमधल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळानं हे बंधन काढून टाकलं आणि खेळ एका दिवसात व्यावसायिक झाला. खेळ झाला, मैदानं कशी होणार? क्लबांकडे होत्या जुन्या लाकडी स्टँड्स, पत्र्याची छपरं, आणि उभं राहायला मातीचे नाहीतर सिमेंटचे उतार. आता मात्र खेळाडूंचे पगार द्यायचे होते. टीव्हीचे पैसे होते, स्पॉन्सर होते, पण गेटवर तिकीट फाडणारा माणूस हा त्यातला सगळ्यात जुना आणि भरवशाचा आधार.

त्याच वर्षी युरोपातल्या क्लबांची एकत्र स्पर्धा सुरू झाली, हाइनेकेन कप. पहिल्या वर्षी इंग्लंडचे क्लब त्यात उतरलेच नाहीत. जानेवारी १९९६ मध्ये कार्डिफला झालेल्या पहिल्या फायनलला २१,८०० लोक होते. पुढच्याच वर्षी ४१,६६४. १९९९ मध्ये डब्लिनला ४९,०००. २००७ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅमवर ८१,०७६! अकरा वर्षांत जवळजवळ चौपट. असा ग्राफ हातात आला की कोणालाही वाटणार, चला, आता मोठं बांधायला घ्या. इथेच खरी गंमत आहे. हे आकडे फायनलचे होते. फायनल वर्षातून एकदा होते. क्लबला मात्र नोव्हेंबरच्या पावसात, एखाद्या फारसं नाव नसलेल्या टीमविरुद्धच्या सामन्यालाही गेट उघडावंच लागतं.

आता थोडं आयर्लंडमधल्या लिमरिकबद्दल, कारण तिथली गोष्ट मी शाळेपासून ऐकत आले आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एक वयस्कर आयरिश सिस्टर होत्या, मूळच्या लिमरिकच्या. आम्हाला इंग्लिश शिकवायच्या. सोमवारी सिस्टर खुशीत दिसल्या की समजायचं, शनिवारी मन्स्टर जिंकलं! मन्स्टर म्हणजे त्यांच्या प्रांताची टीम. आयर्लंडमध्ये युरोपियन स्पर्धेत क्लब म्हणून प्रांतांच्या टीम उतरतात. सिस्टर म्हणायच्या, बाकीच्या ठिकाणी रग्बी हा साहेबलोकांचा खेळ असेल, आमच्या लिमरिकमध्ये डॉक्टर आणि गोदी कामगार एकाच टीममध्ये खेळतात. ३१ ऑक्टोबर १९७८ रोजी मन्स्टरनं थॉमंड पार्क मैदानावर न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सना १२-० असं हरवलं. तेव्हा सिस्टर भारतातच होत्या. भावानं पाठवलेलं पेपरचं कात्रण त्यांना तीन आठवड्यांनी मिळालं, आणि ते त्यांनी बायबलमध्ये जपून ठेवलं होतं. त्या दिवशी मैदानावर जेमतेम १२ हजार माणसं होती. पण सिस्टर सांगायच्या की गावाकडे जाल तर 'मी तिथे होतो' म्हणणारे लाखभर भेटतील!

थॉमंड पार्कची एक पद्धत आहे. पेनल्टी किक घ्यायला खेळाडू उभा राहिला की अख्खं मैदान गप्प होतं. समोरच्या टीमचा खेळाडू असला तरीही. टाचणी पडली तर ऐकू येईल इतकं. मग बॉल हवेत गेला की पुन्हा गलका. ही शिस्त कुठल्या बोर्डावर लिहून आलेली नाही. बापाबरोबर, आजोबांबरोबर येणारी पोरं बघून बघून शिकतात. १९९५ पासून जानेवारी २००७ पर्यंत युरोपियन स्पर्धेत मन्स्टर या मैदानावर एकदाही हरलं नव्हतं, आणि त्यातला निम्मा वाटा तरी या प्रेक्षकांचा होता असं माझं मत आहे.

दोनदा फायनल हरल्यावर २००६ मध्ये मन्स्टर पहिल्यांदा युरोपचं विजेतं झालं. सामना कार्डिफमध्ये होता, ७४,५३४ लोक होते, आणि त्यातले बहुतेक लाल शर्टातले. पण ज्यांना जाता आलं नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी लिमरिकच्या ओकॉनेल स्ट्रीटवर मोठा पडदा लावला होता. सामना चालू असताना कार्डिफच्या स्टेडियममधल्या स्क्रीनवर अचानक त्या रस्त्याचं दृश्य दाखवलं गेलं. लाल रंगानं भरलेला रस्ता. मैदानातल्या लोकांनी आपलं गाव पाहिलं, आणि दोन्हीकडे एकच जल्लोष झाला. गाव सुमारे लाखभर वस्तीचं. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं ठिकाण धरा!

एवढी माणसं असताना मैदान १३ हजारांचं ठेवून कसं चालेल? थॉमंड पार्क नव्यानं बांधायला घेतलं. २००८ मध्ये ते सुमारे २५ हजार ६०० क्षमतेचं झालं. दोन्ही बाजूंच्या स्टँड्सवर मोठ्या स्टीलच्या कमानी आल्या. नदीपलीकडून, दूरवरून त्या दिसतात. मला आवडलेली गोष्ट अशी की दोन्ही टोकांना उभं राहून बघण्याचे उतार त्यांनी ठेवले. सगळीकडे खुर्च्या टाकल्या नाहीत. १८ नोव्हेंबर २००८ ला उद्घाटनाला पुन्हा ऑल ब्लॅक्स आले. मन्स्टरमधल्या चार न्यूझीलंडर खेळाडूंनी आधी स्वतःच हाका हे युद्धनृत्य केलं. मन्स्टर १६-१८ हरलं, तेही अगदी शेवटच्या मिनिटांत, तरी त्या रात्रीबद्दल लोक अजून बोलतात. पण हेही सांगायला हवं की आज लीगच्या साध्या सामन्यांना हे स्टेडियम नेहमी भरत नाही. २५ हजार ही संख्या मोठ्या दिवसाची आहे. रोजच्या दिवसाची वेगळी.

मोठा दिवस आणि रोजचा दिवस यांचा मेळ घालायला काही क्लबांनी छान युक्ती काढली. आपल्याकडे घरात लग्न निघालं की कोणी घराचं मंगल कार्यालय करत नाही. आपण कार्यालय भाड्यानं घेतो. पॅरिसच्या स्ताद फ्रान्से या क्लबचे मालक मॅक्स ग्वाझिनी यांनी २००५ मध्ये हेच केलं. क्लबचं स्वतःचं मैदान लहान. तुलूझविरुद्धच्या लीग सामन्यासाठी त्यांनी थेट राष्ट्रीय स्टेडियम भाड्यानं घेतलं. तिकिटं ५ युरोपासून. आतषबाजी, संगीत, सगळा थाट. लोक म्हणाले, हा माणूस वेडा आहे. आले किती? ७९ हजारांहून अधिक! लीगच्या एका साध्या सामन्याला!

मग लंडनच्या हार्लेक्विन्स क्लबनं २००८ च्या नाताळात ही कल्पना उचलली. त्यांचं मैदान सुमारे १५ हजारांचं, आणि रस्ता ओलांडला की पलीकडे ८२ हजारांचं ट्विकनहॅम. पहिल्या वर्षी सुमारे ५० हजार लोक आले, पुढे हा सामना ८० हजारांच्या घरात गेला. सारासेन्स क्लबनं वेम्ब्ली घेतलं. आयर्लंडमध्ये तर याहून मोठी गोष्ट घडली. डब्लिनचं क्रोक पार्क हे गेलिक खेळांचं मैदान. तिथे रग्बीसारख्या 'परक्या' खेळांना बंदी होती, ती २००५ मध्ये शिथिल झाली. २ मे २००९ रोजी तिथे लेन्स्टर आणि मन्स्टर या दोन आयरिश प्रांतांची युरोपियन सेमीफायनल झाली तेव्हा ८२,२०८ लोक होते. त्या वेळचा तो क्लब रग्बीचा जागतिक विक्रम. २०२४ मध्ये नॉर्थॅम्प्टनविरुद्धच्या सेमीफायनलला लेन्स्टर पुन्हा तिथे खेळलं, आणि पुन्हा ८२ हजारांहून अधिक!

आता बांधणाऱ्यांकडे येऊ. इंग्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात एक्सटर नावाचं गाव आहे. तिथला क्लब १९०५ पासून गावातल्या काउंटी ग्राउंडवर खेळायचा. त्याच मैदानावर कुत्र्यांच्या शर्यती आणि मोटरसायकलच्या शर्यतीही व्हायच्या. क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत. २००६ मध्ये त्यांनी ती जागा विकली आणि गावाबाहेर हायवेलगत सँडी पार्क नावाचं नवं मैदान केलं. सुरुवातीला जेमतेम आठ-नऊ हजारांचं. पण पहिल्या दिवसापासून तिथे मोठा हॉल केला, परिषदा, मेजवान्या, लग्नाचे समारंभ यांसाठी. म्हणजे सामना नसेल त्या दिवशीही वास्तू कमावत राहील. २०१० मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत आला, तेव्हा थोडं वाढवलं. गर्दी टिकली, मग अजून थोडं. असं करत करत १५ हजारांच्या घरात गेले. २०१७ मध्ये इंग्लंडचे विजेते झाले.

फ्रान्समधलं ला रोशेल हे बंदर तर याहून लहान, वस्ती ८० हजारांच्या आसपास. २०१४ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत परत आला. मार्सेल देफ्लांद्र हे त्यांचं मैदान. एक कोपरा भर, एक स्टँड वाढव, असं करत आज सुमारे १६ हजार ७०० चं आहे. तिथे सलग शंभराहून अधिक सामने हाउसफुल्ल गेले. गावातल्या दर पाच माणसांमागे एक खुर्ची, आणि तीही रिकामी नाही! २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं ते युरोपचे विजेते झाले. मनात आणलं असतं तर ३० हजारांचं स्टेडियम बांधायची भाषा त्यांनाही करता आली असती.

बोर्दोची तऱ्हा निराळी. दोन जुने क्लब २००६ मध्ये एकत्र येऊन हा क्लब झाला, २०११ मध्ये तो पहिल्या श्रेणीत आला. मोठे सामने ते शहराच्या शाबाँ-देल्मास स्टेडियममध्ये खेळवायचे. १९३८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी नव्यानं उभारलेलं हे स्टेडियम आपल्या विषयातही प्रसिद्ध आहे, कारण त्याच्या स्टँड्सवरचं काँक्रीटचं छत मध्ये एकही खांब न घेता पुढे आलेलं आहे. त्या काळात! २०१५ मध्ये फुटबॉल क्लब नव्या स्टेडियमात निघून गेला आणि हे जुनं घर रग्बीला मिळालं. साधारण ३३ हजारांचं. नवीन काही न बांधता त्यांनी जुनंच माणसांनी भरलं. गेली कित्येक वर्षं युरोपातल्या क्लब रग्बीत सर्वाधिक सरासरी गर्दी बोर्दोचीच असते. २०२५ मध्ये ते युरोपचे विजेते झाले.

आणि आता उलट बाजू. वेल्सची राजधानी कार्डिफ. तिथला क्लब आर्म्स पार्क या शहराच्या अगदी मध्यावरच्या, सुमारे १२ हजारांच्या मैदानावर खेळायचा. स्टेशनवरून चालत जावं, सामना बघावा, चालत परत यावं. २००९ मध्ये क्लब फुटबॉलच्या नव्या कोऱ्या, २७ हजारांच्या कार्डिफ सिटी स्टेडियमात गेला. सगळं उत्तम होतं. खुर्च्या, छत, पार्किंग. पण दहा हजार माणसं २७ हजार खुर्च्यांत बसवली की ती पाचशेच वाटतात. आवाज होत नाही. आवाज होत नाही म्हणून मजा येत नाही. मजा येत नाही म्हणून पुढच्या वेळी नऊ हजार येतात. २०१२ मध्ये, करार बरीच वर्षं शिल्लक असताना, क्लब आपल्या जुन्या घरी परत आला.

कार्डिफला परतीची वाट होती. वॉस्प्सला नव्हती. १८६७ साली स्थापन झालेला हा लंडनचा क्लब, २००४ आणि २००७ चा युरोपियन विजेता. स्वतःचं मैदान नाही, हाय विकम गावात फुटबॉल क्लबच्या १० हजारांच्या मैदानावर भाडेकरू. भाडेकरूचं दुःख आपल्याला नवीन नाही. २०१४ मध्ये त्यांनी कॉव्हेंट्री शहरातलं ३२ हजारांचं स्टेडियमच विकत घेतलं आणि तिकडे मुक्काम हलवला. जुन्या प्रेक्षकांपासून सुमारे १३० किलोमीटर दूर! २१ डिसेंबर २०१४ च्या पहिल्या सामन्याला २८,२५४ लोक आले. सगळे म्हणाले, बघा, जमलं. पुढच्या वर्षी क्लबनं ३.५ कोटी पौंडांचे रोखे विकले, सात वर्षांत फेडायच्या बोलीवर. त्यात कित्येक साध्या चाहत्यांनीही पैसे गुंतवले.

इथे दोन गोष्टी एकमेकींना भेटतात. २४ ऑक्टोबर २०२०, इंग्लंडच्या लीगची फायनल, ट्विकनहॅम. समोरासमोर कोण? एक्सटर आणि वॉस्प्स! एक्सटरनं १९-१३ असा सामना जिंकला. आठवडाभर आधी त्यांनी युरोपियन कपही जिंकला होता, रासिंगला ३१-२७ असं हरवून. जवळजवळ दीडशे वर्षांच्या क्लबचं सगळ्यात मोठं यश, आणि दोन्ही सामन्यांना प्रेक्षक... शून्य. कोविड! ८२ हजार खुर्च्या, आणि खेळाडूंच्या हाका टीव्हीवर स्पष्ट ऐकू येत होत्या. ज्या माणसांच्या तिकिटांवर, बिअरवर, लग्नाच्या मेजवान्यांवर तो क्लब वीट वीट करून उभा राहिला, ती माणसं घरी बसून बघत होती.

त्यानंतर एक्सटर तगलं. वॉस्प्सचे रोखे २०२२ च्या मे महिन्यात फेडायचे होते, ते फेडता आले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२२ रोजी क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला आणि खेळाडू व कर्मचारी मिळून १६७ जणांची नोकरी एका दिवसात गेली. त्याच महिन्याच्या आसपास वुस्टर कोसळलं, २०२३ च्या जूनमध्ये लंडन आयरिश. खरं तर सगळा दोष रिकाम्या खुर्च्यांचा नाही. पगार कमाईपेक्षा जास्त होते, कोविडनं गेट बंद पाडलं, मालक बदलले. पण मोठ्या स्टेडियमचा हप्ता माणसं आली नाहीत म्हणून थांबत नाही, हेही तितकंच खरं. वुस्टरचा क्लब २०२५ मध्ये दुसऱ्या श्रेणीत पुन्हा उभा राहिला, कारण त्यांचं मैदान गावातच होतं आणि माणसंही तिथेच वाट बघत होती. वॉस्प्सची माणसं कुठे शोधायची? काही लंडनला, काही हाय विकमला, काही कॉव्हेंट्रीला...

मी सेमिनारसाठी स्टँडची 'सी-व्हॅल्यू' शिकत होते. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून तुमची नजर किती मिलिमीटर वरून जाते, त्याचं ते माप. ९० असेल तर चांगलं, ६० च्या खाली जाऊ नये. गणित सोपं आहे, पण त्यातून एक गोष्ट ठळक कळते. रांगा वाढवत गेलात की मागचा माणूस मैदानापासून लांब जातो आणि त्याला दिसावं म्हणून पायऱ्या अधिकाधिक उभ्या कराव्या लागतात. खर्च वाढतो तो या शेवटच्या रांगांवर, आणि रिकाम्या राहतात त्याही याच रांगा!

याउलट ग्लॉस्टरच्या किंग्जहोम मैदानावर एका बाजूला एक उभं राहून बघायची जागा आहे. तिचं नाव 'द शेड'. आपण ज्याला शेड म्हणतो तेच. बुटकं छप्पर, पायऱ्या, खांद्याला खांदा लावून उभी माणसं. छप्पर बुटकं असल्यामुळे आवाज वर न जाता थेट मैदानात जातो. मैदानाची क्षमता १६ हजारांच्या आसपास, पण पाहुण्या टीमला सगळ्यात जास्त धास्ती असते ती त्या शेडची.

हे सगळं मी इथे का लिहिते आहे? कारण आपल्या ग्राउंडला प्रेक्षक गॅलरी हवी ही मागणी यंदाही झाली आहे. ड्रॉइंगसुद्धा फिरतंय: दोन हजार खुर्च्या, स्टीलचं छत, मध्ये व्हीआयपी बॉक्स. छान आहे. पण मागच्या वर्षीची इंटर-डिपार्टमेंट क्रिकेट फायनल आठवा. मुख्य ग्राउंडवर अंपायर, स्कोअरर आणि डबे घेऊन आलेली मेसची मुलं धरून दीडशे माणसं नव्हती. आणि त्याच आठवड्यात हॉस्टेलमागच्या व्हॉलीबॉल कोर्टवर काय होतं? मेसच्या भिंतीवर मुलं, जिन्यात मुलं, लेडीज हॉस्टेलच्या गच्चीवर आम्ही सगळ्या, वॉचमनकाका खुर्ची टाकून, आणि दोन प्राध्यापक मागे उभे, कोणाला दिसणार नाही अशा बेतानं! तिथे एकही खुर्ची नाही. पण लाइव्ह लोड तिथेच आहे.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. आधी कोर्टच्या दोन बाजूंना सिमेंटच्या चार-पाच पायऱ्या करू या, वर साधी पत्र्याची शेड. दोनशे माणसं बसतील, तीनशे उभी राहतील. ५ किलोन्यूटन धरून डिझाइन करायला आमचा वर्ग तयार आहे, सरांनी तपासून दिलं की झालं. दोन वर्षं दर सामन्याला किती आले ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवू. पायऱ्या भरून माणसं पुन्हा भिंतीवर चढायला लागली की पाचवी रांग, मग सहावी. ला रोशेलनं असंच केलं, एक्सटरनं असंच केलं.

दोन हजारांची गॅलरी बांधायचं ठरलंच, तर मी तरी आधी एक प्रश्न विचारणार आहे. मंगळवारी दुपारी, सबमिशनच्या आठवड्यात, केमिकल विरुद्ध मेकॅनिकलच्या सामन्याला तिथे कोण बसणार आहे? ज्याच्याकडे नावांची यादी असेल त्यानं ड्रॉइंग घेऊन यावं. कॉलम मोजायला मी बसते.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी